पोल्ट्रीसाठी रेडियमचं जॅकेट घेताय? या चुका टाळा

ब्रॉयलरची गाडी भरायची ती रात्री. अंधारात पक्षी गप्प बसतात, उन्हाचा ताण नसतो, वाटेत वजनही कमी घटतं. बारा-एकच्या सुमाराला व्यापाऱ्याची गाडी येते, शेडमधले दिवे मालवलेले असतात, ड्रायव्हर आरशात बघत रिव्हर्स घेतो आणि त्याच वेळी पाच-सहा माणसं क्रेट उचलून गाडीमागून ये-जा करत असतात. फार्मवर माणूस गाडीखाली येण्याची जागा हीच. दुसरी जागा फीडची गाडी वळते तिथली. जॅकेट घ्यायचं ते या दोन जागांसाठी, आणि खरेदी करताना नेमक्या याच दोन जागा कुणाच्या डोळ्यांसमोर नसतात.

पहिली फसगत नावातच आहे. आपण सगळे त्याला ‘रेडियम’ म्हणतो, म्हणून वाटतं की ती पट्टी अंधारात आपोआप चमकते. ती आपोआप चमकत नाही. त्या राखाडी पट्टीत काचेचे अगदी बारीक मणी असतात, ते आलेला उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवतात. म्हणजे हेडलाइट आणि बघणारा एकाच बाजूला असतील तरच ती पेटते. मी पहिल्यांदा बारा जॅकेटं आणली तेव्हा टॉर्च कमरेपाशी धरून बघितली आणि दुकानदाराने गंडवलं म्हणून वैतागलो होतो. मग मोबाइलचा टॉर्च कानशिलाला, डोळ्याच्या अगदी शेजारी धरला. वीस पावलांवरच्या गड्याच्या छातीवर ट्यूबलाइट लागल्यासारखी पट्टी उजळली. हात खाली नेला की विझली. जॅकेट घेताना हीच चाचणी करा, दुकानाच्या झगझगाटात नाही, अंधारात.

याचा दुसरा अर्थ असा की रिव्हर्स घेणाऱ्या गाडीचे मागचे दिवे फुटलेले असतील, तर मागे उभ्या माणसाच्या जॅकेटचा ड्रायव्हरला काही उपयोग नाही. जॅकेटं वाटण्याआधी लोडिंगच्या जागी एक फोकस लावा. हे जॅकेटपेक्षा जास्त कामाचं आहे, आणि तरी लोक आधी जॅकेट घेतात, कारण ते दिसतं.

पोपटी किंवा केशरी कापडाचं काम वेगळं. उन्हातले आपल्याला न दिसणारे अतिनील किरण घेऊन ते दिसणारा रंग बाहेर टाकतं, म्हणून ढगाळ दिवशी आणि कातरवेळी ते झगमगतं. रात्री तो जवळजवळ साधाच रंग. म्हणजे दिवसा कापड, रात्री पट्टी. दोन्ही धड हवीत. रंगाबाबत माझं मत सांगतो: फार्मभोवती ऊस-मका असेल तर पावसाळ्यात पोपटी जॅकेट हिरव्यात मिसळून जातं, केशरी घ्या. माळावर असाल तर पोपटी चालेल. गुलाबी, निळी जॅकेटं मुकादम ओळखायला ठीक आहेत, सुरक्षेसाठी नाहीत.

लेबल न वाचणं

शंभराच्या आतली जॅकेटं वाईटच असतात असं नाही, पण त्यांच्यावर बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसतं. भारतीय मानक आयएस 15809 आहे, आंतरराष्ट्रीय आयएसओ 20471. आंतरराष्ट्रीय मानकात तीन क्लास आहेत. क्लास 2 साठी चमकदार कापड किमान 0.50 चौरस मीटर आणि पट्टी 0.13 चौरस मीटर लागते. क्लास 3 साठी 0.80 आणि 0.20. क्लास 3 ला बाह्या किंवा पूर्ण पॅंट लागतेच, त्यामुळे बिनबाह्यांच्या जॅकेटवर ‘क्लास 3’ छापलेलं दिसलं की दुकान बदला. पट्टी किमान 50 मिलिमीटर रुंद हवी. फूटपट्टी खिशात ठेवा, एक इंची पट्टीचा माल बाजारात भरपूर आहे. रात्रीच्या लिफ्टिंगला, म्हणजे पक्षी धरून गाडीत भरायच्या कामाला, क्लास 2 च्या खाली जाऊ नका.

झाकलेलं जॅकेट

पन्नास किलोची फीडची गोणी खांद्यावर आली की छाती-पाठीची पट्टी झाली गायब. क्रेट पोटाशी धरला की समोरून काहीच दिसत नाही. पावसात तर लोक जॅकेट घालतात आणि वरून काळा रेनकोट चढवतात. म्हणून बाह्यांवर आणि पोटरीपाशी पट्टी असलेले कपडे घ्या. हलणारे हातपाय दिसले की लांबूनही ‘हा माणूस आहे’ हे ड्रायव्हरला चटकन कळतं; नुसती छातीवरची पट्टी पाटीला लावलेल्या रिफ्लेक्टरसारखी वाटते. पावसाळ्यासाठी पट्टीचा रेनकोटच वेगळा घ्या.

बायकांचा विचार तर खरेदीत नसतोच. आपल्याकडे शेडमध्ये काम करणाऱ्या बहुतेक मावश्या नऊवारी किंवा सहावारी साडीवर घरातला जुना पुरुषी शर्ट घालतात. त्यावर फ्री साइज जॅकेट दिलं की ते खांद्यावरून घसरतं, मग त्या पदर वरून घेऊन कमरेला खोचतात आणि पट्टी पदराखाली जाते. त्यांच्यासाठी पूर्ण बाह्यांचा, पट्टी लावलेला शर्टच आणा. सवयीचा कपडा आहे, कुणाला सांगावं लागत नाही. आमच्याकडे जॅकेट खुंटीवर लटकत राहायची तक्रार त्या दिवशी संपली.

ढगळ जॅकेटचा धोका पंख्याच्या आणि फीड मिक्सरच्या पट्ट्यापाशी जास्त. जुन्या कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 22 मध्ये चालू यंत्राची तपासणी, तेलपाणी करणाऱ्याने घट्ट कपडे घालायचे, असं होतं. आपला फार्म कारखान्यात मोडो न मोडो, पट्टा ते विचारत नाही. चेनऐवजी वेल्क्रोचं, ओढलं की सुटणारं जॅकेट घ्या आणि घेतानाच एकदा जोरात ओढून बघा.

जॅकेट घालून शेडमध्ये शिरणं

कोंबडीला आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, तिच्या डोळ्यात चार, आणि तिला अतिनीलही दिसतं. महिनाभर एकाच रंगाचे कपडे पाहिलेल्या बॅचसमोर अचानक झगझगीत केशरी माणूस आला तर पक्षी बिथरतात, एका कोपऱ्यात ढीग लागतो आणि खालचे गुदमरून मरतात. लेअर (अंड्यांच्या कोंबड्या) आणि ब्रीडरमध्ये (पिलांसाठी अंडी देणाऱ्या कोंबड्या) चकाकणाऱ्या पट्टीला चोची मारायचा खेळही चालतो. शेडच्या आत गाडी येत नाही, मग तिथे हे जॅकेट कशाला? पक्षी गेल्यावर ट्रॅक्टरने लिटर (खाली अंथरलेलं, विष्ठा मिसळलेलं तूस) काढताना मात्र घाला. आत घालायचंच असेल तर पिलं आल्या दिवसापासून तोच रंग ठेवा.

जॅकेट बाहेर ठेवण्याचं याहून मोठं कारण रोग. 2006 साली नवापूर आणि 2021 साली परभणीतलं मुरुंबा, बर्ड फ्लूची ही दोन नावं कुठलाही पोल्ट्रीवाला विसरलेला नाही. लिफ्टिंगची टोळी एका रात्रीत दोन-तीन फार्म करते आणि प्रत्येक ठिकाणी तीच जॅकेटं अंगावर असतात, मागच्या फार्मची विष्ठा आणि पिसं घेऊन. आपण गाडीची चाकं फवारतो, पाय बुडवायला जंतुनाशकाचा फुटबाथ ठेवतो आणि जॅकेटकडे बघतही नाही. टोळीची जॅकेटं गेटवर काढून घ्या आणि आपली द्या. ती गाडीपाशी वापरायची. पक्षी धरायला आत जाणारे वेगळे आणि क्रेट गाडीत चढवणारे वेगळे ठेवले, तर कपडे बदलायची कटकटही राहत नाही.

धुण्यात मरणारं जॅकेट

‘दोन महिन्यांत चमक गेली’ या तक्रारीचं मूळ बहुधा धुण्यात असतं. तुसाची धूळ, पिसांचा कोंडा आणि घाम मिळून पट्टीवर थर बसतो. तो ओल्या फडक्याने पुसला तरी अर्धं काम होतं. पण पोल्ट्रीत धुवायचं म्हणजे ब्लीचिंग पावडर. तिने रंग जातो आणि पट्टीही उखडते. पोटॅशियम परमॅंगनेटचे शिंतोडे पडले की तपकिरी डाग. आधी साध्या साबणाने घाण काढा, मग लेबलवर चालेल तेच जंतुनाशक, सांगितलेल्या प्रमाणात आणि सांगितल्या वेळेपुरतं. घाण असताना जंतुनाशक कामच करत नाही, मग रात्रभर भिजत घालून काय मिळणार? कपडे मऊ करणारं द्रावण नको, पट्टीवर इस्त्री नको. उलटं करून सावलीत वाळवा, कडक उन्हात रंग उडतो. लेबलवर किती धुण्यांपर्यंत हमी आहे तो आकडा असतो. प्रत्येक बॅचला जॅकेट किती वेळा धुतलं हे आतून पेनाने टिंब करून ठेवा.

बॅच निघाली, शेड धुऊन चुना मारून झाला, की त्याच रात्री सगळी जॅकेटं वलणीवर टाका, वीस पावलं मागे जा आणि टॉर्च कानशिलाला लावा. ज्याची पट्टी राखाडीच राहील ते लगेच कात्रीने कापा. नुसतं बाजूला टाकलं, तर पुढच्या लिफ्टिंगला अंधारात कुणीतरी नेमकं तेच उचलतो.