बीपी आणि इम्युनिटीचं कनेक्शन, घरी काय करायचं

बीपी वाढलं की सगळे टेन्शनवर ढकलतात, पण आपल्या पांढऱ्या पेशींचाही यात हात असतो बरं का. 2007 साली अमेरिकेत उंदरांवर प्रयोग झाला, ज्यांच्यात टी आणि बी पेशीच (पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार) नव्हत्या त्यांचं बीपी अँजिओटेन्सिन (बीपी चढवणारं हार्मोन) देऊनही फारसं चढलं नाही, टी पेशी परत सोडल्या तेव्हा चढलं. या पेशी किडनीत आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरून सूज आणणारी रसायनं सोडतात, मग किडनी मीठ धरून ठेवते आणि नळ्या आखडतात.

म्हणून पहिलं काम मीठ, कारण जास्त मीठ या पेशींनाही चिथावतं. दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यातच लोणचं पापड फरसाण सगळं आलं! ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतंय? डेंटिस्टकडे जाच, हिरड्यांची जुनी सूज असलेल्यांत बीपी जास्त दिसतं. तंबाखू, मिश्री बंद. झोप पुरेशी, रोज चालणं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, प्लीज नीट वाचा: सूज कमी करायची म्हणून मनानेच आयब्रुफेन, डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलर गोळ्या घेऊ नका, त्याने बीपी उलट वाढतं. इम्युनिटीचे काढे पिताय तर त्यात ज्येष्ठमध आहे का बघा, तो रोज पोटात गेला की पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं, आणि हे घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. बीपीची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही.