शिमग्यात कासवं येत नाहीत, असं मी जवळजवळ सिद्ध केलं होतं

डिसेंबर उजाडला की मला फोन यायला लागतात. "ताई, समुद्री कासवांवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" बहुतेकांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर जाऊन पिल्लं समुद्रात जाताना पाहिलेली असतात आणि तेवढ्यावर आयुष्याचा निर्णय झालेला असतो. हसत नाहीये, माझंही तसंच झालं होतं. ऑलिव्ह रिडले, साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी, एका घरट्यात शंभर-सव्वाशे, ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं. हे तुम्हाला पाठ असणार. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये वेळासला घरटी राखायला सुरुवात केली, त्या संस्थेचे भाऊ काटदरे, मग २००६ पासूनचा कासव महोत्सव, हेही तुम्ही वाचलेलं असेल. ते सोडून देते. मी कुठे आपटले ते सांगते.

आधी परवानगीचं उरकून टाकू. समुद्री कासवं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. अंड्याला हात लावायचा, पिल्लू मोजायचं, मादीच्या पाठीवर टेप ठेवायची, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते आणि अर्ज नागपूरला जातो. मी सप्टेंबरात अर्ज केला, तोही किनाऱ्यांची यादी न जोडता. चूक सर्वस्वी माझी. दुरुस्त करून पुन्हा पाठवला आणि कागद हातात आला तेव्हा संक्रांत झाली होती. पावसाळा सुरू व्हायच्या आत अर्ज टाका. एवढं केलंत तर माझ्यापेक्षा अर्धा हंगाम पुढे असाल.

अर्धा हंगाम रिकामा गेला म्हणूनच मी खड्ड्यात पडले. प्रत्यक्ष काम नाही तर जुन्या नोंदी घेऊन बसू म्हटलं. दापोली तालुक्यातला एक किनारा. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही. तिथल्या कासवमित्राकडे, म्हणजे गावातली घरटी राखणाऱ्या आमच्या काकांकडे, चार हंगामांच्या वह्या होत्या. शाळेच्या दोनशेपानी वह्या, पट्टीनं आखलेले रकाने: तारीख, वेळ, घरटं क्रमांक, अंडी किती, हॅचरीत (अंडी राखायच्या कुंपणात) कधी ठेवली, पिल्लं कधी आली, किती आली, शेरा. अक्षर सुरेख. मी तीन आठवडे बसून सगळं एक्सेलमध्ये चढवलं.

आता नीट वाचा, कारण हे मी तुम्हाला कंटाळा येईस्तोवर सांगणार आहे. वहीत ओळ असायची ती घरटं सापडलं त्या दिवसाची. बाकीच्या दिवसांची ओळच नाही. मी काय केलं, तर १ नोव्हेंबर ते ३१ मार्च अशा सगळ्या तारखा एका रकान्यात ओढल्या, समोर घरट्यांची संख्या आणली आणि जिथे चौकट रिकामी राहिली तिथे सरसकट शून्य भरलं. दोन मिनिटांचं काम. त्या दोन मिनिटांनी माझं दीड वर्ष खाल्लं.

मग तारखांना तिथी जोडल्या. चंद्राचा आणि अंडी घालायला येण्याचा काही संबंध दिसतो का, हा माझा प्रश्न. चारही हंगाम एकावर एक ठेवले, पाच दिवसांची सरासरी काढून रेघ गुळगुळीत केली, आणि पौर्णिमेच्या आसपास रेघ खाली! इतकी सुंदर वाटी, की मी त्या रात्री आईला फोन करून सांगितलं. स्पष्टीकरणही तयार होतं: टिपूर चांदण्यात मादी कुत्र्या-कोल्ह्यांच्या नजरेला पडते, म्हणून ती पौर्णिमा टाळते. गाइड खूश. एका परिषदेत पोस्टर लावलं. लोकांनी फोटो काढले.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे किनाऱ्यालगतच्या एका घरातून फोन आला. अंगणातल्या बल्बखाली कासवाची पिल्लं फिरतायत. जाऊन बघते तर तुळशीच्या कट्ट्याभोवती, पायऱ्यांखाली, एक तर बादलीमागे अडकलेलं. एकतीस मोजली, झाकलेल्या टोपलीत घालून अंधाऱ्या भागात नेऊन सोडली. हॅचरीतली म्हणावीत तर तिथल्या घरट्यांवर झाकलेल्या सगळ्या टोपल्या जागच्या जागी होत्या. माग काढत गेलो तर सुरूच्या बनाच्या कडेला, मर्यादवेलीच्या मुळांत, कुणाच्याही वहीत नसलेलं घरटं निघालं.

काका वाळू बाजूला करत होते, मी टरफलं मोजत होते. म्हटलं, "काका, हे आपल्याला कसं नाही सापडलं?" ते बोटांवर मागे मोजत गेले. उन्हाळ्यातलं घरटं, पन्नासेक दिवस धर. मार्चचा पहिला आठवडा.

"शिमगा व्हता गो बाय," ते म्हणाले. "शिमग्यात कोन जातंय पुळनीवर? पालखी दारात आल्यावर देवाला सोडून कासवाकडं जायाचं काय?"

मी घाटावरची. आमच्याकडे होळी म्हणजे एक संध्याकाळ, पुरणपोळी आणि दुसऱ्या दिवशी धुळवड. कोकणात शिमगा फाल्गुन शुद्ध पंचमीपासून रंगायला लागतो, पौर्णिमेला होम होतो आणि पालखी त्यानंतरही कितीतरी दिवस घरोघर फिरते. मुंबईकर झाडून गावी येतात. गस्त घालणारी माणसं, ढोल वाजवणारी माणसं आणि पालखी नाचवणारी माणसं तीच. ही गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती, फक्त माझ्या एक्सेलला नव्हती.

परत येऊन पौर्णिमा सुट्या केल्या. मार्गशीर्षातली किंचित खाली. त्या दिवशी गावात दत्तजयंतीचा उत्सव असतो. पौष आणि माघ सपाट. फाल्गुनातला खड्डा मात्र एवढा खोल, की त्यानं एकट्यानं सगळी सरासरी ओढून नेली होती. शिवाय तो एका रात्रीचा नव्हता, आठ-दहा दिवस पसरलेला होता. चंद्र असा वागत नाही, गाव वागतं. ते पसरलेपण मला आधीच दिसायला हवं होतं, पण पाच दिवसांच्या सरासरीनं मी स्वतःच ते पुसून टाकलं होतं. छापायला दिलेला लेख मागे घेतला. गाइड पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तर, कोरी ओळ आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणजे कुणीतरी अख्खा किनारा चाललं आणि माग दिसला नाही. कोरं म्हणजे कुणी चाललंच नाही, किंवा अर्ध्यातून परतलं, किंवा चाललं पण लिहिलं नाही. पहिल्यातून कासवाबद्दल काहीतरी कळतं. दुसऱ्यातून फक्त माणसांबद्दल. जुन्या नोंदी हातात आल्या की पहिला प्रश्न "किती घरटी?" हा विचारूच नका. "त्या रात्री कोण चाललं? कुठून कुठपर्यंत? किती वाजता निघालं, किती वाजता परतलं?" हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर ती चौकट रिकामीच ठेवा, भरायला हात शिवशिवला तरी. आणि नवी वही सुरू करताना रोजची एक ओळ सक्तीची करा, घरटं असो वा नसो. मग घरट्यांची संख्या गस्तीच्या रात्रींनी भागता येते आणि दोन किनाऱ्यांची तुलना करायला तोंड राहतं. नाहीतर ज्या गावात माणसं जास्त चालतात तिथे कासवं जास्त, एवढंच तुम्ही शोधून काढाल. काही गावांतली "घरटी वाढली" ही बातमी मी आता याच शंकेनं वाचते.

वेळेचंही तसंच. वहीत "पहाटे ५" लिहिलेलं असतं, ते घरटं सापडल्याची वेळ असते. मादी अकराला येऊन गेली की तीनला, ती समोर असल्याशिवाय कळत नाही. आणि अंडी हलवायची तर घातल्यापासून काही तासांतच, न फिरवता, न हिंदकळवता. पुढे गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो आणि अंडं उलटंपालटं झालं तर मरतो. त्यामुळे "हलवायला किती उशीर झाला" यावर काम करणार असाल, तर मादी प्रत्यक्ष दिसलेली घरटी वेगळी ठेवा.

आता थोडं कडू. सॅटेलाइट टॅगच्या, म्हणजे कासव कुठे जातं ते उपग्रहावरून दाखवणाऱ्या यंत्राच्या, मागे लागू नका. जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या किनाऱ्यावर पाच माद्यांना टॅग लागले, प्रथमा, सावनी, रेवा, लक्ष्मी, वनश्री, आणि तेव्हापासून प्रत्येक नवख्याला नकाशावरची रंगीत रेघ हवी असते. ते यंत्र महाग, परवानग्या अवघड, आणि तुमच्या एमएस्सीच्या प्रबंधाला ते कुणी देणारही नाही. उलट ओडिशात २०२१ मध्ये साधा धातूचा टॅग लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्वेकडचं कासव पश्चिमेला येऊन अंडी घालतं हे त्या एका पत्र्याच्या तुकड्यानं दाखवलं. का, तर त्या रात्री तिथे कुणीतरी चालत होतं.

पंधरा दिवसांच्या प्रमाणपत्रवाल्या इंटर्नशिपबद्दल माझं मत वाईट आहे. पिल्लू तळहातावर घेऊन फोटो, वर "संशोधक" अशी ओळख. त्यापेक्षा एकाच किनाऱ्यावर एक अख्खा हंगाम राहा. गाइड निवडताना त्यांचे किती पेपर आहेत ते नंतर बघा. जे तुमची मूळ वही मागतात ते चांगले. जे नुसता आलेख बघून "छान" म्हणतात, त्यांच्यापासून जपून. वाळूच्या तापमानावर मादी-नराचं प्रमाण काढून देतो म्हणणारा कुणी भेटला, तर तापमान कुठे मोजलं ते विचारा: अंड्यांच्या खोलीवर, की झापांच्या सावलीत वरवर? अंडी उबण्याच्या मधल्या तिसऱ्या भागातल्या तापमानावर लिंग ठरतं आणि पिल्लू बाहेरून बघून ते ओळखता येत नाही. त्यामुळे यात फेकाफेक करणाऱ्याला सहसा कुणी पकडत नाही.

हे वाचून घाबरला असाल तर थांबा. काम जमतं. मी जीवशास्त्रात कधी पहिली आले नाही, पोहता येत नव्हतं, आणि पहिल्या महिन्यात घोरपडीच्या मागाला कासवाचा माग म्हणून फोटो काढून पाठवलाय. मुलींनी एकटीनं गस्त घालू नये. दोघंजण असावं, बॅटरीला लाल कागद लावावा, आणि ज्यांच्या घरी राहता त्या काकूंना कुठल्या टोकाला जाताय ते सांगून निघावं. थंडी वाजते, वाळूत पिंढऱ्या भरून येतात, तीन-तीन रात्री काही दिसत नाही. मग एखाद्या रात्री अंधारात धप् धप् ऐकू येतं. मादी अंडी झाकून अंगाच्या डाव्या-उजव्या बाजूनं वाळू बडवत असते. तुम्ही दहा पावलांवर पालथे पडलेले, श्वास रोखून, आणि तिला तुमची फिकीर नाही. त्यानंतरच्या तीन कोऱ्या... नाही, शून्य रात्री सहज निघतात.

पैशांचं विचाराल, तर प्रकल्पावरची नेमणूक संपली की पुढची मिळेपर्यंत शिकवण्या घेतल्यात. घरचे अजून "कासवांचं झालं की मग काय?" असं विचारतात. उत्तर माझ्याकडे नाही.

पुढच्या वर्षीपासून आम्ही वहीत गस्तीचा रकाना वाढवला. काकांना तो पटला नव्हता. "न गेल्याचं काय लिवायचं?" असं म्हणत त्यांनी आखून तेवढा दिला. फाल्गुनात मी आठ दिवस आजारी म्हणून घाटावर गेले. परत आले तेव्हा वही उघडून पाहिली. होमाच्या आदल्या रात्री: "गेलो. टोक ते खाडी. काय नाय." होमाच्या रात्री: "गेलो नाय." आणि तिसऱ्या ओळीत, नेहमीच्या सुरेख अक्षरात, "पालखी घरात."