घरचा डेस्कटॉप घेताय? मुंबईकरांनी काय बघून घ्यावं आणि कसा सांभाळावा

मुलांचा अभ्यास, ऑफिसचं काम, थोडंफार फोटो-व्हिडिओ, असा घरात सगळ्यांना पुरेल असा पन्नास ते सत्तर हजारातला डेस्कटॉप घ्यायचा असेल तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, डेस्कटॉपचा खरा फायदा म्हणजे एखादा पार्ट गेला तर तेवढाच बदलता येतो. म्हणून घेतानाच प्रत्येक पार्टची कंपनी, मॉडेल नंबर आणि वॉरंटी कागदावर लिहून घ्यायची. "आय फाइव्ह, १६ जीबी, ५१२ एसएसडी" एवढंच लिहिलेल्या कोटेशनला काही अर्थ नाही, आय फाइव्ह नावाचा प्रोसेसर दहा वर्षांपूर्वीचा पण असतो आणि यंदाचा पण.

खरेदीला लॅमिंग्टन रोडच, म्हणजे मुंबईतला कॉम्प्युटरच्या मालाचा बाजार. ग्रँट रोडला ईस्टला उतरून चालत जा, रविवारी जाऊ नका कारण बहुतेक दुकानं बंद असतात. घरूनच एक यादी बनवा, तीच यादी तीन-चार दुकानात दाखवा आणि भाव लिहून घ्या, नाहीतर प्रत्येक जण आपापल्याकडे पडलेला माल सुचवतो आणि मग कशाची तुलना कशाशी करायची तेच कळत नाही. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे (कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीचे) भाव जाम चढलेत, त्यामुळे महिन्यापूर्वीचं कोटेशन धरून बसू नका, जायच्या आदल्या दिवशी परत विचारा.

प्रोसेसरवर फार डोकं लावू नका. इंटेलचा आय फाइव्ह १२४०० किंवा एएमडीचा रायझन ५ ५६००जी, दोन्ही सहा कोरचे आहेत आणि घरच्या कामाला भरपूर झाले. फक्त इंटेलमध्ये नंबरच्या शेवटी एफ आहे का ते बघा, एफवाल्यात आतलं ग्राफिक्स, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणारा भाग, चालत नाही, तो स्वस्त मिळाला म्हणून घेतलात तर वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावंच लागेल. रॅम १६ जीबी घ्या पण एकच १६ ची काडी नको, ८-८ च्या दोन घ्या, कारण वेगळं कार्ड नसेल तर ग्राफिक्सपण हीच रॅम वापरतं आणि दोन काड्या असल्या की फरक जाणवतो.

आता जिथे खरंच पैसे घालायचे ती गोष्ट म्हणजे एसएमपीएस, सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटसोबत फुकट येतो तो घेऊच नका प्लीज. त्यावर ४५० वॅट छापलेलं असतं पण तेवढे तो देईलच याचा भरवसा नाही, आणि खराब एसएमपीएस मरताना कधीकधी मदरबोर्डपण (सगळे पार्ट जिथे बसतात ती मुख्य पाटी) घेऊन जातो. ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवतो याचा शिक्का) लिहिलेला, चांगल्या कंपनीचा, ४५० ते ५५० वॅटचा घ्या. प्रोसेसरमध्ये हजार-दोन हजार कमी करावे लागले तरी चालतील, इथे नको.

बिल जीएसटीचं पक्कंच घ्यायचं, "बिल नको तर १८ टक्के वाचतील" असं कोणी म्हटलं तर सरळ पुढच्या दुकानात जा. बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर पाहिजे. प्रोसेसर बॉक्स पॅकच घ्या, ट्रेवाला सुटा आला की कंपनीची वॉरंटी सहसा मिळत नाही, दुकानदार देईल तेवढीच.

सेकंडहँडचं पण सांगतो. ऑफिसमधून निघालेले सहाव्या-सातव्या जनरेशनचे, म्हणजे जुन्या पिढीच्या प्रोसेसरचे, इंटेलवाले पीसी खूप स्वस्त दिसतात, पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा प्रोसेसर लागतो. घ्यायचाच असेल तर आठवी किंवा पुढची बघा.

घरी आणल्यावर सगळ्यात आधी अर्थिंग. जुन्या चाळीत, जुन्या बिल्डिंगमध्ये थ्री-पिन सॉकेट असतं पण आत अर्थिंगची वायरच नसते, अशा घरात अनवाणी उभं राहून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात. असं झालं तर वायरमनला बोलवा, दुर्लक्ष करू नका. "मुंबईत लाइट जात नाही, यूपीएस कशाला" असं खूप जण म्हणतात, पण १२ ऑक्टोबर २०२० ला अख्खी मुंबई बंद पडली होती, आणि तेवढं सोडा, अर्ध्या सेकंदाचा झटका पण फाइल सेव्ह होताना बसला तर पुरे. ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस घ्या, दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलायची तयारी ठेवा आणि लेझर प्रिंटर त्याला चुकूनही जोडू नका.

कॅबिनेट लादीवर ठेवू नका, पुसताना पाणी जातं आणि केस-धूळ खालूनच आत ओढली जाते, जुना पाट असेल तर त्यावर ठेवा, मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा. मागच्या स्लॉटची एखादी पट्टी निघालेली असेल तर लावून टाका, झुरळं तिथूनच शिरतात. पावसाळ्यात खिडकीपासून लांब, आणि वापर नसला तरी एक-दोन दिवसांनी तासभर चालू ठेवा, आतली ऊब दमटपणा घालवते. समुद्राजवळ राहत असाल तर हे जास्तच पाळा.

जून-जुलैत कधी पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच, असं झालं तर लगेच दुकानात उचलून नेऊ नका. आधी प्लग काढा, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, मग रॅमच्या दोन्ही काड्या काढून त्यांच्या सोनेरी पट्ट्या साध्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, चुरा झटका आणि टक् आवाज येईपर्यंत परत बसवा. खूपदा एवढ्यावरच चालू होतो. ब्लोअर मारायचा असेल तेव्हा पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, हवेने गरागरा फिरू देऊ नका.

चार-पाच वर्षांनी तारीख-वेळ आपोआप मागे जायला लागली, वेबसाइट उघडताना सुरक्षिततेची वॉर्निंग यायला लागली, तर मदरबोर्डवरचा बटण सेल संपलाय. सीआर २०३२, तीन व्होल्टचा, घड्याळवाल्याकडे मिळतो, नवीन बसवताना प्लसची बाजू वर.