रेड डॉटचा ठिपका फुटलेला दिसत होता

टेक्सासला आल्यावर .२२ रायफल घेतली, वर रेड डॉट बसवला, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी, नेम धरायची साईट. काचेतून बघितलं तर ठिपका गोल नव्हताच. चिरडलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा, एका बाजूला शेपूट फुटलेला. साईट परत करायला निघालोच होतो. रेंजवरचे एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, आधी मोबाइलने फोटो काढून बघ. चेंबर (रायफलमध्ये गोळी बसते ती जागा) रिकामं असल्याची खात्री केली, फोटो काढला. फोटोत ठिपका अगदी गोल! म्हणजे दोष माझ्या डोळ्यात होता, अस्टिग्मॅटिझम: डोळ्याची वक्रता सगळीकडे सारखी नसल्याने ठिपका पसरलेला दिसतो. त्यासाठीचा सिलिंडर नंबरचा चष्मा लावला, ब्राइटनेस उतरवला आणि शेपूट जवळपास गेलं.

तरीही गोळ्या विखुरतच होत्या, कारण मी ठिपक्याकडेच टक लावून बघत होतो. जुन्या लोखंडी साईटची ती सवय, तिथे नजर नळीवरच्या पुढच्या खुणेवर ठेवायची असते. इथे उलटं: दोन्ही डोळे उघडे, नजर टार्गेटवर, ठिपका आपसूक त्यावर तरंगतो. हे अंगवळणी पडायला तीन रविवार गेले, आणि ते सार्थकी लागले असं मनापासून वाटतं.

झिरो करणं, म्हणजे ठिपका आणि गोळी लागते ती जागा जुळवणं, मग सोपं होतं. माझ्या साईटच्या स्क्रूचा एक क्लिक १ एमओए (एका अंशाचा साठावा भाग), २५ यार्डांवर जेमतेम पाव इंच. गोळ्या दोन इंच खाली लागत होत्या. आठ क्लिक वर घेतले.