ऑफिसचे निरोप: मेलवर की चॅट ॲपवर, कसं ठरवावं?

सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची पेढी असो की कुपवाड एमआयडीसीतलं मशीन शॉप, ऑफिसचं बहुतेक बोलणं चालतं व्हॉट्सॲपवर. बारशाचे फोटो आणि लॉटचे दर एकाच फोनात. माणूस नोकरी सोडून गेला की गिऱ्हाइकांशी झालेलं बोलणंही त्याच्या खिशातून जातं. मग कुणीतरी म्हणतं, ‘सगळं मेलवर आणू’, दुसरा म्हणतो, ‘स्लॅक घेऊ’, म्हणजे ऑफिससाठीचं वेगळं चॅट ॲप. माझं मत विचाराल तर पेढीसाठी एकच काहीतरी निवडायचं नसतं. कुठला निरोप कशावर जाणार, एवढंच ठरवायचं असतं.

लगेच ॲप उतरवू नका. आधी आठवडाभर एक वही ठेवा. प्रत्येक निरोपापुढे लिहा: कुणाला गेला, उत्तर कधीपर्यंत हवं, आणि तो पुन्हा कधी शोधावा लागेल. हा तिसरा रकाना लोक कंटाळून रिकामा सोडतात. निकाल मात्र त्यातच असतो.

आता वही घेऊन बसा. बाहेरच्यांना जाणारं सगळं, म्हणजे परराज्यातल्या खरेदीदाराला दिलेला दर, ट्रान्सपोर्टशी ठरलेलं भाडं, सीएला पाठवायची बिलं, मेलवर टाका. तुमचं जीमेल आणि समोरच्याचं आउटलुक एकमेकांशी विनातक्रार बोलतात. चॅट ॲपचं तसं नाही. समोरच्याला त्याच ॲपवर यावं लागतं, आणि तुमच्यासाठी गिऱ्हाईक नवं खातं उघडत बसणार नाही. शिवाय जीएसटीच्या नियमानुसार हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. बिलं चॅटमध्ये पडली असतील तर दिवाणजींनी शोधायची कुठे?

वर्कशॉपवाल्यांनी ड्रॉइंगही मेलवरच ठेवावं, विषयात पार्ट नंबर आणि रिव्हिजन लिहून. जीमेलवर २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जोडली की ती ड्राइव्हची लिंक होऊन जाते, आणि लिंकमागची फाइल नंतर बदलता येते. म्हणून मंजूर झालेल्या ड्रॉइंगची पीडीएफ जोडलेलीच बरी.

‘गाडी काट्यावर आली’, ‘गोदामाची चावी कुणाकडे?’ हे चॅटवर. पाच-सहा जणांच्या ऑफिसला तेवढ्यासाठी वेगळं ॲप लागतच नाही, हाक मारली तरी भागतं. माणसं दोन-तीन ठिकाणी विखुरली असतील तर मात्र घ्या.

कुठलं घ्यायचं? गुगल वर्कस्पेसचे पैसे भरत असाल तर गुगल चॅट त्यात आहेच. मायक्रोसॉफ्टचं पॅकेज असेल तर टीम्स मिळतंय का पाहा. स्लॅकच्या फुकट योजनेत ९० दिवसांपर्यंतचेच संदेश दिसतात. फेब्रुवारीत ठरलेला हळदीचा दर जूनमध्ये बघायला गेलात तर हाती काही लागणार नाही. झुलिप या चॅट ॲपमध्ये संदेश विषयवार लावायचे असतात. सुरुवातीला कटकट वाटते, पण दहा लॉट एकाच वेळी चालू असतील तर मला तेच आवडेल.

यानंतर तीन नियम भिंतीवर लावा. मेलचे पत्ते माणसाच्या नव्हे, कामाच्या नावाने: खरेदी, हिशेब, डिस्पॅच. नोकरी सोडणाऱ्याचं खातं त्याच दिवशी बंद. आणि चॅटवर पैशाचं किंवा तारखेचं काही ठरलं, तर संध्याकाळच्या आत समोरच्याला एका ओळीचा मेल: ‘अमुक लॉट, अमुक दर, अमुक तारखेला लोडिंग.’ उद्या वाद झाला तर ही ओळ उपयोगी पडते.

हा बदल सौदे जोरात असताना करू नका, कुणी ऐकणार नाही. पावसाळ्यात करा. जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपमधलं बोलणं एक्सपोर्ट करून ठेवा आणि मग ग्रुपच्या सेटिंगमध्ये फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं करून टाका. नाहीतर आठवड्याभरात सगळे परत तिथेच जमतील, मालकांसकट.