विंडोज १० चा सपोर्ट संपला, आता निदान या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. तेव्हापासून दुरुस्तीच्या टेबलावर दोन तऱ्हेची मशीन येतात. एक, ज्याच्या मालकानं काहीच केलं नाही. दुसरं, ज्याच्या मालकाच्या भाच्यानं अर्ध्या मिनिटाचं रील बघून ‘टीपीएम ऑन करून दिलं’ (टीपीएम म्हणजे मशीनमधली सुरक्षा चिप, विंडोज ११ ला ती लागते). पहिलं निदान सुरू तरी होतं.

आधी त्या तारखेचा बाऊ कमी करू. त्या दिवशी कुणाचंही मशीन बंद पडलं नाही. थांबले ते दर महिन्याचे सुरक्षा पॅच, आणि घरगुती मशीनला तेही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळवता येतात. आवृत्ती २२एच२ हवी, मायक्रोसॉफ्ट अकाउंट हवं, आणि सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर ‘एनरोल नाऊ’ दाबायचं. सेटिंग्जचा बॅकअप त्या अकाउंटला जोडला तर फुकट. नाहीतर मायक्रोसॉफ्टचे एक हजार रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलरच्या हिशेबानं एकदाच पैसे. एका नोंदणीत दहा मशीन बसतात. ऑफिसच्या डोमेनला जोडलेल्या मशीनला ही सोय नाही. तिथे वेगळा परवाना लागतो, पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. तेव्हा घरच्या मशीनसाठी नोंदणी करून टाका आणि मग शांतपणे विचार करा. रात्री अकराला पेनड्राइव्ह लावायची काही गरज नाही.

बायोसमध्ये हात आधी, बॅकअप नंतर

विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचा प्रोग्राम चालू देणारी सोय) चालवू शकणारं मशीन लागतं. आठव्या पिढीपासूनच्या इंटेलमध्ये टीपीएमची सोय आतच असते, फक्त नाव वेगळं: इंटेलवर ‘पीटीटी’, एएमडीवर ‘एफटीपीएम’. असेंबल्ड डेस्कटॉपच्या बोर्डावर ती पुष्कळदा बंद असते, म्हणून पीसी हेल्थ चेक हे मायक्रोसॉफ्टचं तपासणी अ‍ॅप मशीनला नापास करतं. इथवर रील बरोबर असतं. पुढे ते सांगतं, बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये) जा, सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीनं बूट करायची सोय, डिसेबल करा, सिक्युअर बूट इनेबल करा, एफ१० दाबा. भाचा एफ१० दाबतो आणि काळ्या पडद्यावर एक ओळ येते: बूट होण्यासारखी डिस्कच सापडत नाही.

डिस्क जिथल्या तिथे असते. विंडोज टाकताना बायोस लेगसी, म्हणजे जुन्या, मोडमध्ये होतं, त्यामुळे डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या पद्धतीची झाली. सीएसएम बंद केलं की बोर्ड फक्त यूईएफआय या नव्या पद्धतीनं बूट करतं आणि त्यासाठी लागणारं ईएफआय पार्टिशन त्या डिस्कवर नसतं. सीएसएम पुन्हा चालू केलं की सगळं पूर्ववत. पण इथेच माणसं घाबरतात, विंडोजची पेनड्राइव्ह लावतात आणि फॉरमॅट मारतात. खरं नुकसान या पायरीवर होतं, आधीच्या नाही.

क्रम असा ठेवा. रनमध्ये ‘एमएसइन्फो३२’ लिहून ‘बायोस मोड’ची ओळ वाचा. यूईएफआय असेल तर हा भाग सोडून पुढे जा. लेगसी असेल तर बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या. मग कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘एमबीआर२जीपीटी’ ही डिस्कची मांडणी नव्या पद्धतीची करणारी विंडोजचीच कमांड आधी ‘व्हॅलिडेट’ आणि मग ‘कन्व्हर्ट’ लावून चालवा. चालू विंडोजमधून करताय म्हणून दोन्ही वेळा ‘अलाउफुलओएस’ जोडायचं. ती यशस्वी झाली की मगच बायोसमध्ये जाऊन सीएसएम बंद.

आपल्याकडे ही कमांड व्हॅलिडेटलाच अडते, आणि कारण जवळजवळ ठरलेलं असतं. असेंबल करून देणाऱ्यानं एका डिस्कचे सी, डी, ई, एफ असे चार तुकडे केलेले असतात. डिस्क मॅनेजमेंट उघडा: डी, ई, एफ भोवती हिरवी चौकट दिसली तर ते एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आतले लॉजिकल ड्राइव्ह आहेत आणि एमबीआर२जीपीटीला ते चालत नाहीत. इलाज एकच. त्या तिन्हीतला माल बाहेरच्या डिस्कवर काढा, तिन्ही ड्राइव्ह आणि मग ती हिरवी चौकट डिलीट करा, पुन्हा व्हॅलिडेट चालवा. अर्धा दिवस जातो. ‘सॉफ्टवेअरनं एका क्लिकवर होतं’ म्हणणारे भेटतील. त्यांच्या क्लिकनंतर डेटा परत मिळवायला माणसं कुठे जातात ते विचारा.

आणखी एक सापळा: डेस्कटॉपमध्ये दहा-बारा वर्षांपूर्वीचं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल तर सीएसएम बंद केल्यावर पडदा पूर्ण काळा राहू शकतो, कारण त्या कार्डाच्या आत यूईएफआयला समजणारा भाग नसतो. कार्ड काढा, मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा, मग बघा.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी आणि जास्त वाईट. ब्रँडेड लॅपटॉप आधीपासून यूईएफआयवर असतात, तिथे पार्टिशनचं झंझट नाही. तिथे निळ्या पडद्यावर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ‘आम्ही बिटलॉकर कधी लावलंच नाही,’ असं मालक म्हणतात आणि ते खरंही असतं. अनेक लॅपटॉपवर होम आवृत्तीतसुद्धा मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं पहिल्यांदा साइन इन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि की त्याच अकाउंटमध्ये जाऊन बसते. आता आठवा, लॅपटॉप घेतला तेव्हा पहिलं साइन इन कुणी केलं? दुकानातल्या पोरानं, तिथल्या तिथे बनवलेल्या कुठल्यातरी ईमेलवर. पासवर्ड त्यालाही आठवत नाही. चार वर्षं काही बिघडलं नाही, कारण टीपीएम रोज गुपचूप कुलूप उघडत होतं. कुणीतरी बायोस अपडेट केलं, सिक्युअर बूटची सेटिंग बदलली किंवा ‘क्लिअर टीपीएम’ दाबलं, आणि टीपीएमनं ओळख द्यायचं थांबवलं. पडद्यावर की आयडी दिसत राहतो. की नसेल तर मुलीच्या लग्नाचे फोटो त्याच डिस्कवर असतात आणि कुणालाही, अगदी बनवणाऱ्या कंपनीलाही, ते काढून देता येत नाहीत.

म्हणून बायोसकडे बघायच्याही आधी सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ शोधा. चालू असेल तर की कागदावर उतरवा. हो, कागदावर, त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवरच्या नोटपॅड फाइलमध्ये नाही. बदल करण्यापुरतं एन्क्रिप्शन बंद करून टाकलेलं सर्वांत बरं. पूर्ण उकल व्हायला तास-दोन तास लागतात, चहा प्या. एएमडीच्या बोर्डावर बायोस अपडेटनंतर ‘एफटीपीएम रीसेट करायचं का, वाय की एन’ असा प्रश्न येतो. की हातात नसेल तर एन.

‘बॅकअप आहे ना, डी ड्राइव्हवर’

डी म्हणजे त्याच डिस्कचा दुसरा खण. डिस्क गेली की दोन्ही गेले.

कामाचं सॉफ्टवेअर शेवटी आठवणं

मशीन नवं, विंडोज ११ चकाचक, आणि सोमवारी सकाळी कळतं की दुकानाचा हिशेब डॉसवरच्या फॉक्सप्रोमध्ये आहे. घाऊक व्यापारी, लहान पतसंस्था, दवाखाने यांच्याकडे असले प्रोग्राम अजून ठणठणीत चालतात. ते १६ बिटचे आहेत. ३२ बिट विंडोज १० त्यांना चालवत होतं, ६४ बिट विंडोज चालवत नाही, आणि विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. शिवाय ३२ बिट विंडोज १० वरून ११ वर थेट अपग्रेडही होत नाही, कोरं इन्स्टॉल करावं लागतं. म्हणजे जुनं मशीन पुसल्यावर परतीचा रस्ताही गेला. हा प्रोग्राम डॉसबॉक्स-एक्स किंवा व्हीडॉस या डॉसची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालवून बघा. नुसता उघडून नाही, एक बिल डॉट मॅट्रिक्सवर छापून बघा. जमलं नाही तर जुनं मशीन राहू द्या, पण लॅनची केबल उपटून. इंटरनेटला न लागणारं जुनं विंडोज वर्षानुवर्षं मुकाट्यानं बिलं फाडतं.

मराठी डीटीपीवाल्यांचं दुखणं याच जातीचं. श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधला मजकूर नव्या मशीनवर फाँटशिवाय उघडला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. जुनं सॉफ्टवेअर चालू आहे तोवरच मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा. तयार अंकांची पीडीएफ काढून ठेवा. हार्डवेअर लॉक असेल तर त्याचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोज ११ साठी मिळतो का, हे विक्रेत्याला आधी विचारा.

माझा मापदंड साधा: एका कागदावर सॉफ्टवेअरची नव्हे, कामांची यादी करा. जीएसटी रिटर्न, डीएससी (डिजिटल सहीच्या) टोकननं सही, टॅली, प्रिंटर, स्कॅनर, बँकेची साइट. प्रत्येक काम नव्या व्यवस्थेत एकदा पूर्ण झाल्याशिवाय जुनी डिस्क पुसायची नाही. २४० जीबीचा नवा एसएसडी टाकून जुनी डिस्क तशीच ड्रॉवरमध्ये ठेवणं हा सगळ्यांत स्वस्त विमा आहे.

अपात्र मशीनवर जबरदस्ती

विंडोज ११ ची अधिकृत यादी इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते, पण रूफस या टूलनं तपासण्या काढलेली पेनड्राइव्ह बनवून ते सातव्या पिढीवरही बसतं. बसू द्या, पण मग तक्रार नको. वर्षाचं मोठं अपडेट अशा मशीनला आपोआप येत नाही, दरवेळी आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) उतरवून हातानं करावं लागतं. कोअर २ ड्युओवर तर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती बूटच होत नाही, कारण त्या प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी ही सूचना नाही. हौस म्हणून घरी करा. सीएच्या ऑफिसात जुलै महिन्यात करू नका.

सेकंडहँड घेताना ‘आय५ आहे, ११ टाकून दिलंय’ यावर जाऊ नका. आकडा वाचा: ७२००यू म्हणजे सातवी पिढी, ८२५०यू म्हणजे आठवी, ११३५जी७ म्हणजे अकरावी.

‘चांगला अँटिव्हायरस घेतलाय’

अँटिव्हायरस विंडोजमधलं भोक बुजवत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तो एसएमबी या विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या भोकातून, कुणी काही क्लिक न करता, आणि त्याचा पॅच मार्चमध्येच आलेला होता. त्याच वर्षी जूनमध्ये तेच भोक वापरणाऱ्या नॉटपेट्या व्हायरसनं जेएनपीटी बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनलचं काम अडवलं. तिथे पॅच निदान उपलब्ध होता. तुमच्या नोंदणी न केलेल्या विंडोज १० ला तो येणारच नाही.

लिनक्स: हो, पण सगळ्यांना नाही

ब्राउझर, यूट्यूब, पत्र लिहिणं एवढंच काम असेल तर चार जीबी रॅमच्या मशीनवर लिनक्स मिंट सुखानं चालतं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मराठी टायपिंग अडत नाही: कीबोर्डच्या यादीत इनस्क्रिप्ट आहे, फोनेटिकची सवय असेल तर मराठी कागपा आहे. टॅली मात्र लिनक्ससाठी बनलेलंच नाही, आणि डीएससीच्या सहीसाठी तिथे रडायची वेळ येते. आठ जीबी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवा, वायफाय, आवाज आणि प्रिंटर तासभर वापरा, मग ठरवा. आवडलं नाही तर पेनड्राइव्ह काढा, डिस्कला काही झालेलं नसतं.

हार्ड डिस्कवर विंडोज ११ टाकून ‘स्लो आहे’ म्हणणाऱ्यांनी आधी एसएसडी घ्यावा.

आणि अपग्रेड झाल्या झाल्या डिस्क क्लीनअप मारू नका. ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डरमुळेच दहा दिवस विंडोज १० वर परत जाता येतं. पहिल्याच दिवशी डिसम कमांडनं ती मुदत साठ दिवसांपर्यंत वाढवा, आणि प्रिंटर त्याच दिवशी चालवून बघा. अकराव्या दिवशी नको.