नेम टिकत नाही? जप, आरती आणि उपवासातल्या या चुका टाळा

श्रावणात उत्साहाने धरलेला नेम दसऱ्यापर्यंत सुटलेला असतो, आणि सुटला की माणूस स्वतःलाच बोल लावतो. “माझी भक्तीच कमी पडली.” “देवाच्याच मनात नव्हतं.” माझा नेम दोनदा सुटला आणि दोन्ही वेळा मी हेच म्हणाले. तिसऱ्यांदा धरलेला टिकला, आणि आज मागे वळून पाहताना कळतं की पहिल्या दोन वेळीही भक्ती होती. संकल्प वेळेत बसत नव्हता, जप ज्या पद्धतीने करत होते ती मला झेपत नव्हती, आणि चूक कुठे होतेय हे सांगणारं जवळ कोणी नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

पहिल्याच दिवशी अकरा माळा

सगळ्यात जास्त नेम इथेच मोडतात. हिशेब करून पाहा. “श्रीराम जय राम जय जय राम” हा तेरा अक्षरांचा मंत्र स्पष्ट म्हणायला साधारण पावणेचार सेकंद लागतात. १०८ मण्यांची माळ पावणेसात मिनिटांत होते. अकरा माळांना सव्वा तास हवा. सकाळी डबे, मुलांची शाळा, कामावर जायची घाई, त्यात हा रोजचा सव्वा तास कुठून आणायचा?

मी अकराचाच संकल्प सोडला होता. पहिले आठ-दहा दिवस छान गेले. मग घड्याळ बघायला लागले. एकदा सहावी माळ संपली तेव्हा पाहिलं, तर त्या एका माळेला तीन मिनिटंसुद्धा लागली नव्हती. जिभेवर काय चाललंय ते ऐकलं: “सीरामजैरामजैजैराम.” ‘श्री’ गेला होता, ‘जय’चा ‘य’ गेला होता, दोन शब्दांमधला श्वास गेला होता. बोट मात्र बरोबर पुढे सरकत होतं. तिसऱ्या आठवड्यात नेम सुटला.

योगसूत्रांत अभ्यास पक्का कशाने होतो ते सांगितलंय: दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने केला तर. किती करायचा याचा आकडा त्यात कुठेच नाही. म्हणून सुरुवात एका माळेने करा. वेळ एक, जागा एक, आसन एक. तीन महिने ती एक माळ बिनबोभाट झाली की मग दुसरीचा विचार. आजारपणात आणि प्रवासातही जमेल एवढाच संकल्प धरावा, त्याहून जास्त झालं तर आनंदच आहे.

माळेचेही थोडे नियम आहेत. ती मधल्या बोटावर किंवा अनामिकेवर धरतात, मणी अंगठ्याने ओढतात, तर्जनी लावत नाहीत. मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मोठा मणी, ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. मणी १०८ असले तरी मोजताना शंभरच धरायचे, वरचे आठ चुकल्यामाकल्या नामांसाठी सोडायचे, असं मला शिकवलं गेलं. मला ही पद्धत फार आवडते. माणूस चुकणार हे माळ ओवणाऱ्यांनी आधीच धरलेलं आहे.

मन भटकतं, डुलकी लागते

जपाच्या तीन पायऱ्या आहेत. मोठ्याने केलेला तो वाचिक, ओठ हलतात पण शेजारच्याला ऐकू येत नाही तो उपांशु, आणि मनातल्या मनात तो मानस. मानस जप सर्वांत श्रेष्ठ हे कुठेतरी वाचलेलं असतं, म्हणून नवा साधक पहिल्याच दिवशी डोळे मिटून थेट तिथे पोचतो. पाचव्या मिनिटाला मनात उद्याची भाजी, दहाव्याला मान छातीवर. मग निष्कर्ष काढला जातो: “माझं मन फार चंचल आहे.”

मन चंचल आहेच. अर्जुनाने ही तक्रार थेट श्रीकृष्णाकडे केली होती. श्रीकृष्णाने ती मान्य केली, आणि अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय दिले. तेव्हा भटकल्याचं दुःख करत बसू नका, एक पायरी खाली या. मोठ्याने म्हणा. स्वतःच्या कानाला स्वतःचा आवाज ऐकू येऊ द्या. जीभ, कान आणि बोट अशी तिन्ही कामाला लागली की मनाला पळायला जागा कमी उरते. काही महिन्यांनी आवाज आपोआप खाली येतो, तो मुद्दाम दाबावा लागत नाही.

डुलकीचं कारण बहुधा साधं असतं. जेवणानंतर बसू नका, भिंतीला पाठ टेकवू नका, डोळे अर्धे उघडे ठेवून समोरच्या मूर्तीच्या पायांवर लावा. तरीही पेंग आली तर उठून उभ्याने माळ पूर्ण करा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा. मांडी घातली नाही म्हणून नाम बाटत नाही.

मोबाइलवर स्तोत्र लावून ठेवायचं आणि आपण कपड्यांच्या घड्या घालायच्या, हेही हल्ली घरोघरी दिसतं. श्रवण ही नवविधा भक्तीतली पहिली भक्ती आहे, त्यामुळे लावण्यात काहीच गैर नाही. पण ते ऐकलं तरच श्रवण. दिवसातून एक स्तोत्र तरी हातातलं काम खाली ठेवून ऐकावं.

आरतीतले बदललेले शब्द

यावर मी जरा जास्तच बोलते, कारण लहानपणी कानावर पडलेला चुकीचा शब्द पन्नाशीतही तसाच राहतो.

गणपतीच्या आरतीत “फणिवरबंधना” असा शब्द आहे. निम्म्या गर्दीत तो “फळीवर वंदना” होतो. फणिवर म्हणजे थोर नाग. तो ज्याने कमरेला बांधलाय, असा तो लंबोदर. फळीचा इथे काही संबंध नाही. “संकटी पावावे” याचं “संकष्टी पावावे” होतं, म्हणजे देवाने वाटेल त्या संकटात धावून यायचं ते आता चतुर्थीलाच यायचं! पुढचा शब्द “निर्वाणी”, म्हणजे अगदी शेवटच्या घटकेला. हे दोन शब्द कळले की त्या ओळीला गळा दाटतो. शंकराच्या आरतीत “लवथवती”चं “लवलवती” होतं. लवथवणं म्हणजे हलणं, डोलणं. विठ्ठलाच्या आरतीतलं “हेळामात्रे” तर फार थोड्यांना माहीत असतं. हेळा म्हणजे लीला. दर्शन झालं की अगदी सहज, लीलेने मुक्ती मिळते, असं ती ओळ म्हणते. आणि “निढळावरी कर ठेवोनी” हे सूर ओढत सगळे म्हणतात, पण निढळ म्हणजे कपाळ, आणि ऊन लागू नये म्हणून कपाळाशी आडवा हात धरून दूरवर पाहणारी बाई त्या ओळीत उभी आहे, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. त्या दिवशी आरती म्हणताना माझा हात आपोआप कपाळाकडे गेला.

उपाय सोपा आहे. आरतीसंग्रह घ्या, एका आठवड्यात एकच आरती, आणि प्रत्येक अडलेल्या शब्दाचा अर्थ वहीत लिहा. लहान मुलं हे काम आवडीने करतात. मोठ्यांना चारचौघांत दुरुस्त करू नका मात्र. आरती संपल्यावर बाजूला सांगा.

अथर्वशीर्षाचं थोडं वेगळं आहे. ते स्वरांसह म्हणायचं असतं आणि ते पुस्तकातून येत नाही. जाणत्यासमोर बसून शिकावं लागतं. एकवीस आवर्तनं करताना दर वेळी फलश्रुती, म्हणजे पठणाचं फळ सांगणारा शेवटचा भाग, म्हणण्याची चूक सर्रास होते. ती शेवटच्या आवर्तनानंतर एकदाच म्हणतात.

एकादशी आणि दुप्पट खाशी

ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचे वेफर्स, चारला वडे, रात्री भगर आणि दाण्याची आमटी. संध्याकाळी पित्त, डोकं जड, आणि हरिपाठाला बसायचं त्राण नाही. उपवास या शब्दाचा अर्थच जवळ राहणं. पोट हलकं ठेवायचं ते देवाजवळ बसता यावं म्हणून.

दुसरं टोकही तितकंच चुकीचं. निर्जळी करून घरच्यांवर दिवसभर खेकसणं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? गीतेच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट आहे की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. एकादशा वर्षाला २४, अधिक मासाच्या वर्षी २६. एवढे दिवस करायचे असतील तर फळं, दूध, ताक, एखादं रताळं असं साधं ठेवा, आणि स्वयंपाकघरातला वाचलेला तास जपाला द्या. तळणात तोच तास गेला तर उपवास नक्की कशासाठी केला?

इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये. उपाशीपोटी साखर धोकादायक इतकी उतरू शकते. गर्भवती आणि अशक्त माणसांनी तर आग्रहाला बळी पडूच नये. त्यांनी त्या दिवशी एक माळ जास्त करावी.

पारायणाची घाई

ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९०००. सात दिवसांत संपवायच्या तर रोज तेराशेच्या आसपास होतात. तीन तास बसलात तरी एका ओवीच्या वाट्याला आठेक सेकंद येतात. सरावाच्या वाचकाला हे जमतं, भाषा ओळखीची असते. पहिल्यांदा हातात घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढून अक्षरं नुसती धावतात. त्याने सप्ताहाच्या मागे लागू नये. रोज दहा ओव्या अर्थासह वाचल्या तर अडीच वर्षांत ग्रंथ पूर्ण होतो, आणि तो आतपर्यंत पोचलेला असतो.

भीतीपोटी केलेली पूजा

“चुकून गणपतीला तुळस वाहिली, आता काय होईल?” असं रडवेल्या आवाजात विचारणारी माणसं मी पाहिली आहेत. रीत आहे, ती पाळावी. गणपतीला एरवी तुळस वाहत नाहीत, शंकराला केवडा वाहत नाहीत, बेलाचं पान पालथं वाहतात, पिंडीला अर्धी प्रदक्षिणा घालतात. कळलं की पुढच्या वेळी सुधारावं, तेवढंच. भक्तीने दिलेलं पान, फूल, फळ, पाणी मी घेतो, असं ज्याने गीतेत सांगितलंय तो एका पानावरून घरादारावर कोपेल, ही कल्पनाच त्याच्यावर अन्याय करणारी आहे.

सोळा उपचारांना वेळ नसेल तर गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य असे पाच पुरतात. तेही नसेल तर मानसपूजा आहे. नामाला तर काळवेळच नाही, हे संतांनी परोपरीने सांगितलंय.

जाता जाता दोन व्यवहाराच्या गोष्टी. तेवतं निरांजन पडद्याजवळ ठेवून घराबाहेर पडू नका. आणि घरात दम्याचं माणूस असेल तर बंद खोलीत धूप-उदबत्ती नको, फूल पुरे.

फळ कुठे शोधायचं

एवढी वर्षं करतेय, मिळालं काय? हा प्रश्न प्रत्येकाला पडतो, आणि पडला की लाज वाटते. लाज वाटायचं कारण नाही, फक्त आपण बघतो चुकीच्या ठिकाणी. स्वप्नात दर्शन, डोळे मिटल्यावर प्रकाश, अडलेलं काम होणं, अशा खुणा शोधत बसलं की रोजची बैठक कोरडी वाटू लागते.

मला जाणवलेला बदल फार छोटा होता. एका नातेवाइकाचा फोन आला की माझा आवाज पहिल्या वाक्यालाच चढायचा. नेम धरून वर्ष झालं असेल, एकदा फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आज तो चढलाच नाही. राग आला होता, पण तो घशापर्यंत येण्याआधी मला दिसला. चित्तशुद्धी हा शब्द कीर्तनांत शेकडो वेळा ऐकला होता, तो कशाला म्हणतात ते त्या दिवशी थोडंसं कळलं. तुम्हीही इथेच बघा: राग येण्यातलं आणि बोलण्यातलं अंतर, दुसऱ्याचं चांगलं झालेलं ऐकल्यावर पोटात होणारी हालचाल, रात्री पाठ टेकल्यावर झोप लागायला लागणारा वेळ. आणि रोज बघू नका, वर्षातून एकदा बघा.

खंड पडला, माळ तुटली

खंड पडणारच. आजारपण येतं, घरात मृत्यू होतो, कधी निव्वळ कंटाळा येतो. तेव्हा होणारी मोठी चूक म्हणजे राहिलेलं भरून काढणं. सात दिवस चुकले म्हणून आठव्या दिवशी आठ माळा करायला बसलं की नवव्या दिवशी माळ हातात घ्यावीशी वाटत नाही. मागचं सोडून द्या, आजची एक माळ करा. “आता पुढच्या एकादशीपासून” असा मुहूर्तही शोधू नका.

माळ तुटली की लोक घाबरतात, अपशकुन समजतात. दोरा असतो तो. रोज शेकडो वेळा बोटाखालून सरकतो, घामाने भिजतो, मेरुमण्याशी झिजतो आणि एक दिवस तुटतो. दोन मण्यांमध्ये गाठ मारलेली माळ घ्या, म्हणजे तुटली तरी सगळे मणी सांडत नाहीत.

माझ्या आजीच्या तुळशीमाळेला गाठी नव्हत्या. ती माझ्या हातात तुटली तेव्हा मी देवघरासमोर पालथी पडून पाटाखाली, समईमागे, चटईच्या कडेला मणी शोधत होते. १०७ सापडले. तिच्या बोटांनी ते इतके गुळगुळीत झाले होते की फरशीवर नुसते घरंगळत होते. शेवटी एक नवा मणी घालून माळ ओवून घेतली. तो अजून फिकट आहे आणि जरा खरखरीत. दर फेरीला एकदा अंगठा त्याच्यावर येतो, किंचित अडतो आणि पुढे जातो.